पात्रनामे, मराठी कादंबरीतील
कथात्म साहित्यातील व्यक्तींना लेखकाने योजलेली नावे. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीची नायिका यमुना हे नित्य व्यवहारातले नाव धारण करते, तर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) पासून अद्भुतरम्य कादंबऱ्यांत संस्कृतप्रचुर, घरोघरी न आढळणारी नावे रूढ झाली; पुढे ह. ना. आपटे यांनी आपल्या कादंबरीतील यमू या नायिकेच्या रूपाने हा प्रवाह पुन्हा घराकडे वळविला.

मराठीत पहिल्या नावापेक्षा आडनाव अधिक बोलके ठरते, कारण त्यातून जात, प्रदेश आणि पुष्कळदा मूळ गाव सूचित होते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या आडनावात सांगवी हे गाव आहे. त्याच रीतीने जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीवरून 'वडीगोद्रीकर' असे आडनाव योजल्यास पात्राचे मराठवाडीपण वर्णनाविना प्रस्थापित होते. मात्र असे गावावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडलेल्याला चिकटते, त्यामुळे गावातच राहणाऱ्या पात्रास ते कृत्रिम वाटण्याचा संभव असतो. उद्धव शेळके यांनी 'धग'च्या (१९६०) नायिकेसाठी निवडलेले कौतिक हे पहिले नाव सहजतेच्या दृष्टीने अचूक आहे, कारण वऱ्हाडी बोलीच्या संवादांत ते कोठेही उपरे वाटत नाही.