डॅनियल बून: जंगलात वाट काढली, जमीन कागदात गेली

तहसील कचेरीच्या बातम्या करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. कसणारा वेगळा, ताबा असणारा वेगळा आणि कागदावर नाव असणारा वेगळा. तिघं एकच असतील तर नशीब. नसतील तर पुढच्या दोन पिढ्या तारखांना जातात. आज ज्या माणसाबद्दल लिहितोय, तो पार अमेरिकेतला आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा, पण आपल्या बांधावरच्या लोकांना त्याची गोष्ट चटकन कळेल.

डॅनियल बून. जन्म १७३४, पेनसिल्व्हेनिया. वडील क्वेकर पंथाचे. पुढे कुटुंब नॉर्थ कॅरोलिनात यॅडकिन नदीच्या खोऱ्यात गेलं. शाळा फारशी नाही, बंदूक मात्र लहानपणापासून हातात. हरणाची कातडी विकून पोट भरणारा शिकारी. ॲपलाचियन डोंगररांगांच्या पलीकडे केंटकी नावाचा सुपीक मुलूख आहे, हे त्याने ऐकलं होतं. १७६९ मध्ये तो तिथे शिकारीला गेला. शावनी लोकांनी पकडलं, जमवलेली सगळी कातडी काढून घेतली आणि बजावलं की ही आमची शिकारीची जागा आहे, परत येऊ नकोस. तो परत गेलाच. १७७३ मध्ये बिऱ्हाड घेऊन निघाला, तेव्हा वाटेतल्या हल्ल्यात त्याचा १६ वर्षांचा थोरला मुलगा जेम्स हाल होऊन मेला.

आता जमिनीचा व्यवहार बघा. मार्च १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन नावाच्या माणसाने चेरोकी प्रमुखांना सुमारे १०,००० पौंडांचा माल देऊन जवळजवळ २ कोटी एकर 'खरेदी' केली. त्यांच्यातलाच ड्रॅगिंग कनू हा तरुण पुढारी या सौद्याच्या विरोधात होता. त्याच जमिनीवर शिकार करणाऱ्या शावनींना तर कोणी विचारलंच नाही. बूनने हेंडरसनसाठी तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन कंबरलँड खिंडीतून वाट पाडली आणि केंटकी नदीकाठी बून्सबरोची गढी उभी राहिली. तीन वर्षांत, १७७८ मध्ये, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने हेंडरसनची खरेदीच रद्द ठरवली. म्हणजे मूळ मालकाची जमीन गेली ती गेली, आणि घेणाऱ्याचं खरेदीखतही बाद!

बून मिलिशियाचा अधिकारी होता. मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. वस्तीतले धडधाकट पुरुष आपापली बंदूक घेऊन जमायचे, तेच सैन्य. फेब्रुवारी १७७८ मध्ये त्याची माणसं ब्लू लिक्सला मीठ बनवायला गेली होती. शावनींनी आधी बूनला पकडलं. मोठी टोळी बून्सबरोवर चालून जाणार आणि गढी अजून अर्धवट, हे त्याला दिसत होतं. त्याने आपल्याच माणसांना शस्त्रं टाकायला लावली. शावनी प्रमुख ब्लॅकफिशने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतलं, 'मोठं कासव' या अर्थाचं शेलटोवी हे नाव दिलं. जूनमध्ये तो निसटला, चार दिवसांत सुमारे १६० मैल तुडवून गढीवर पोचला. सप्टेंबरमध्ये वेढा पडला, गढी टिकली.

आणि मग? बक्षीस म्हणून लष्करी चौकशी. बेंजामिन लोगन आणि रिचर्ड कॅलवे या दोघांचे भाचे-पुतणे अजून कैदेत होते. त्यांनी आरोप ठेवला की बून फितूर आहे. कोर्टाने निर्दोष सोडलं, वर मेजर केलं. पण डाग बोलायला लोकांना पुरावा कुठे लागतो? त्याने ती वस्तीच सोडली. १७८० मध्ये फेएट काउंटी मिलिशियाचा लेफ्टनंट कर्नल झाला. १९ ऑगस्ट १७८२ ला ब्लू लिक्सलाच लढाई झाली. समोर दबा धरून बसलेत, असं तो सांगत होता. काही उतावळे नदीत घुसले, मागोमाग सगळे गेले. १८० च्या आसपास माणसं होती, ७० च्या वर मारली गेली. त्यात बूनचा मुलगा इझ्राएल होता, त्याच्या डोळ्यांसमोर.

इथवरची गोष्ट तिकडे सगळ्यांना पाठ असते. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

व्हर्जिनियाने १७७९ मध्ये कायदा केला. १७७८ च्या आधी वस्ती केलेल्याला ४०० एकर, शेजारची आणखी १,००० एकर घ्यायचा पहिला हक्क. शिवाय पैसे भरून वॉरंट घ्या आणि पाहिजे ती जमीन मोजून घ्या. सरकारने आधी एकसलग मोजणी केलीच नाही. ज्याने-त्याने आपापली मोजून नोंदवायची. हद्द कशी? अमुक ओढ्यापासून खूण केलेल्या ओकच्या झाडापर्यंत. झाड पडलं की हद्द गेली. एकाच तुकड्यावर तीन-तीन, चार-चार दावे चढले, अगदी कौलांसारखे एकावर एक. वकिलांची चांदी झाली.

बून स्वतः मोजणीदार झाला. त्याच्या मोजण्या ढिल्या होत्या, नोंदी वेळेत व्हायच्या नाहीत. स्वतःचे हजारो एकरांचे दावे तर बुडालेच, ज्यांना त्याने जमीन मोजून दिली तेही त्याच्यावर दावे ठोकू लागले. १७८० मध्ये वॉरंटसाठी लोकांनी विश्वासाने दिलेली मोठी रक्कम घेऊन तो निघाला होता, ती वाटेत खाणावळीत चोरीला गेली. ते पैसे तो कित्येक वर्षं फेडत होता. त्याला नुसता बिचारा ठरवायलाही मी तयार नाही. जमिनीच्या सट्ट्यात तो स्वतःच्या हौसेने उतरला होता आणि घरी गुलामही बाळगून होता.

१७९८ साल तर कहरच. केंटकीने एका काउंटीला त्याचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी कोर्टाच्या समन्सला हजर राहिला नाही म्हणून त्याच केंटकीत त्याच्या अटकेचं वॉरंट निघालं.

१७९९ मध्ये, पासष्टीच्या घरात, तो मिसिसिपी ओलांडून मिसूरीत गेला. तिथे स्पेनचं राज्य. शावनींमधलेही बरेच जण हाकलले जाऊन तिकडे राहायला आले होते. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी बूनला ८५० एकर दिले, गावचे तंटे मिटवायचा अधिकारही दिला. कचेरी नाही, वकील नाही. झाडाखाली बसून निवाडा करायचा.

१८०३ मध्ये अमेरिकेने तो सगळा मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. जमीन आयुक्त कागद तपासायला बसले. बूनने त्या जमिनीवर स्वतः राहून कसणूक केली नव्हती, नियमाप्रमाणे नोंद पक्की केली नव्हती. दावा फेटाळला. म्हातारा अर्ज करत राहिला. १८१३ मध्ये बायको रिबेका गेली. १८१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास ठराव करून त्याचे ८५० एकर परत दिले.

बातमी केंटकीपर्यंत पोचली आणि जुने देणेकरी मिसूरीत हजर झाले. जमीन विकून त्यांचे पैसे चुकते केले. २६ सप्टेंबर १८२० ला, वयाच्या ८५ व्या वर्षी, तो मुलगा नेथनच्या घरात वारला.