शिलाई मशीन : जाड कापडावरील टाक्यांचे दोष

ताडपत्री, कॅनव्हास, जीन्स, रेक्झिन किंवा अनेक थरांची गोधडी शिवताना टाका सुटणे, दोरा तुटणे आणि खालून गुंता होणे, हे प्रमुख दोष. घोडनदीकाठचे शिरूर व भीमाकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेतीप्रधान तालुके. अशा भागात कांदा झाकायच्या ताडपत्रीपासून शाळेच्या दप्तरापर्यंत जाड शिवण नेहमी लागते.

टाका सुटणे : सुई वर येताना दोऱ्याचा फास तयार होतो व शटलचे टोक तो पकडते. जाड थरांत बारीक सुई वाकते, फास शटलपासून दूर जातो. जीन्सला १६ (१००), कॅनव्हासला १८ (११०) क्रमांकाची सुई वापरावी. ११० म्हणजे १.१ मिमी व्यास. बोथट सुई लगेच बदलावी.

दोरा तुटणे : जाड दोरा सुईच्या लहान नेढ्यात घासतो. मोठी सुई लावून वरचा ताण थोडा सैल करावा.

खालून गुंता : दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबणारा फूट उचलून दोरा पुन्हा ओवावा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांत नीट बसतो. खालचा दोरा वर दिसल्यास वरचा ताण कमी करावा.

जाड सांध्यावर फूट तिरका होतो. फुटाच्या मागच्या भागाखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवून चाक हाताने फिरवावे. टाका ३ ते ४ मिमी ठेवावा. रेक्झिनवरील छिद्रे बुजत नाहीत, म्हणून आधी तुकड्यावर टीप मारून पाहणे अत्यावश्यक.