मधमाशीवरील आरोप

नासपतीची झाडे जणू वणव्यात होरपळावीत तशी काळवंडून टाकणाऱ्या रोगाने अमेरिकन बागाईतदार शतकभर हैराण होते. १८८० च्या सुमारास इलिनॉयच्या बरिल यांनी त्याचे मूळ जंतूंत दाखविले. पण जंतूंना पंख कुठले? १८९१ साली मर्टन वेट यांनी काही फुले जाळीखाली झाकली. ती निरोगी राहिली. मधमाशीच्या मुखावयवांवर मात्र तेच जंतू सापडले. सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी दिसण्यास अजून सहा वर्षे अवकाश होता! पण माशी हाकलावी तर बाग वांझ. नासपतीच्या बहुतेक जातींना परपरागाविना फळ धरत नाही, हेही वेट यांनीच दाखविले होते. तेव्हा माशीला अभय देऊन, हिवाळ्यात सालीत दडणारा रोग फांद्यांसकट छाटून जाळावा, असा उपाय त्यांनी सांगितला.