पोस्टग्रेसमधल्या एका स्टारची गोष्ट

आज डेटाबेसच्या इतिहासातला एक छोटा नियम बघू. तो उलटा फिरला आणि जुन्याच ओळीचा अर्थ बदलला.

समजा, 'वाहने' नावाचं एक टेबल आहे. त्यावरून 'ट्रक' हे चाइल्ड टेबल केलं. वाहनांचे सगळे कॉलम ट्रकला वारशाने मिळाले, वर वजनक्षमतेचा एक स्वतःचा. ट्रकच्या नोंदी मात्र ट्रकच्याच टेबलात राहतात. आता विचारलं, "एकूण वाहने किती?" तर ट्रक मोजायचे की नाही?

१९८६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाने पोस्टग्रेसचं काम सुरू केलं. त्यांच्या पोस्टक्वेल भाषेत उत्तर होतं, नाही. ट्रकही हवे तर टेबलाच्या नावाला स्टार जोडा. (सिलेक्टनंतरचा स्टार वेगळा बरं का!) पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी पोस्टक्वेलच्या जागी एसक्यूएल आणलं, १९९६ मध्ये नाव पोस्टग्रेसक्यूएल झालं. स्टारचा नियम तसाच राहिला.

गोची अशी, की स्टार विसरलात तर एरर येत नाही. आकडा येतो, तोही कमी, आणि बघणाऱ्याला तो खराच वाटतो. एसक्यूएलच्या मानकातही नियम नेमका उलटा होता. म्हणून २००१ मध्ये, ७.१ आवृत्तीत, तो फिरवला. आता चाइल्ड टेबलं आपोआप धरली जातात. फक्त पेरेंट हवं असेल तर नावाआधी 'ओन्ली' लिहायचं. जुन्या प्रोग्रामसाठी जुन्या नियमाचं एक सेटिंग ठेवलं होतं, तेही २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत काढलं.

मला हा बदल योग्यच वाटतो. पण त्याची दुसरी बाजू लक्षात ठेवा: अपडेट आणि डिलीटलाही हाच नियम लागू आहे. 'वाहने'मधून जुन्या नोंदी उडवायला गेलात, तर त्या अटीत बसणारे ट्रकही जातील. म्हणून मी आधी तीच अट लावून सिलेक्ट चालवतो, सोबत 'टेबलओआयडी' कॉलम मागतो. कुठली ओळ कुठल्या टेबलातली, ते लगेच कळतं.

आणि वारसा अजूनही अर्धाच आहे. इन्सर्ट फक्त नाव घेतलेल्या टेबलात जातं. प्रायमरी की प्रत्येक टेबलापुरतीच, त्यामुळे एकच नंबर 'वाहने'त आणि 'ट्रक'मध्ये सुखाने नांदू शकतो.

तेव्हा डिलीट लिहिताना क्षणभर थांबा, 'ओन्ली' हवं की नको ते ठरवा. भेटू पुढच्या भागात!