कचेरीचे स्थलांतर

वसाहतवाद म्हटला की आपल्यापुढे उभा राहतो तो युरोपीय राज्यकर्ता. एका आशियाई सत्तेने दुसऱ्या आशियाई देशावर केलेले राज्य आपल्या अभ्यासात क्वचितच येते. जपानने १९१० साली कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला व १९४५ पर्यंत तेथे राज्य केले. या पस्तीस वर्षांकडे आम्ही येथे एका प्रांताच्या कचेरीतून पाहू इच्छितो. तो प्रांत म्हणजे दक्षिण चुंगचॉंग.

कोरियाचे तेरा प्रांत जपान्यांनी पाडलेले नव्हते. ही विभागणी १८९६ मध्ये कोरियाच्या राजसत्तेनेच केली होती. नव्या राजवटीने ती चौकट ठेवली. मात्र १९१४ मध्ये जिल्ह्यांची संख्या ३१७ वरून २२० वर आणली. दक्षिण चुंगचॉंगचा पहिला गव्हर्नर पार्क जुंग-यांग हा कोरियनच होता. परंतु खरी सत्ता गव्हर्नर-जनरल तेराउची मासाताके यांच्या हाती होती, आणि बंदोबस्त लष्करी पोलिसांकडे. याच प्रांतातील आउने येथील बाजारात १९१९ च्या एप्रिलमध्ये यू ग्वान-सुन या शाळकरी मुलीने स्वातंत्र्याच्या निदर्शनांत पुढाकार घेतला. तिच्यावर पहिला खटला चालला तो गोंगजू या प्रांताच्या राजधानीत. १९२० साली तिचा तुरुंगात मृत्यू झाला. त्या उठावानंतर आलेल्या गव्हर्नर-जनरल साइतो माकोतो यांनी ‘सांस्कृतिक राजवट’ घोषित केली. लष्करी पोलीस जाऊन नागरी पोलीस आले व ते प्रांतिक गव्हर्नरांच्या अखत्यारीत गेले. प्रांतांना सल्लागार मंडळेही मिळाली. सल्ला देण्याचा अधिकार मिळाला, निर्णयाचा मात्र नाही.

हा फरक कळतो तो राजधानीच्या स्थलांतरात. गोंगजू ही एकेकाळी बेकजे राज्याची राजधानी. पुढे सतराव्या शतकापासून तेथे प्रांताची कचेरी होती. तेथून तीसेक किलोमीटरवर देजॉन हे खेडे होते. १९०५ मध्ये सोल ते बुसान हा लोहमार्ग देजॉनवरून गेला, १९१४ मध्ये होनाम मार्गही तेथूनच फुटला. स्थानकाभोवती जपानी वसाहत व दुकाने वाढली. गुम नदीकाठच्या गोंगजूला मात्र रेल्वे लाभली नाही. १९३१ च्या आरंभी कचेरी देजॉनला नेण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा गोंगजूकरांनी कडाडून विरोध केला. त्यातही गंमत अशी की, देजॉनमधील मोठ्या जमीनमालकांपैकी एक, किम गाप-सुन, हा गोंगजूचाच होता. वसाहतीचा नफा केवळ परक्यांच्याच पदरात पडतो, असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

१९३२ मध्ये कचेरी हलली. नुकसानीची भरपाई म्हणून गोंगजूला गुम नदीवर लोखंडी पूल मिळाला. तो १९३३ मध्ये पुरा झाला. राजधानी घेऊन पूल देणे, हा व्यवहार आम्हांला त्या राजवटीचे नेमके चित्र वाटतो. तिने पूल बांधले, रूळ टाकले, हे खरेच आहे. पण कोठे बांधायचे, आणि त्यासाठी कोणी काय सोडायचे, हे विचारण्याची गरज तिला कधी भासली नाही. वसाहतींच्या ‘विकासा’चे मूल्यमापन करताना आपण पुलांची संख्या मोजतो, हा विचारण्याचा हक्क मोजायचे मात्र राहून जाते.

जपानी गेले, तरी कचेरी परतली नाही. १९५० च्या युद्धात सोल पडताच कोरियाचे सरकार काही दिवस देजॉनच्या याच इमारतीत बसले. पुढे १९८९ मध्ये देजॉन शहर प्रांतापासून वेगळे झाले, तरी प्रांताचा कारभार २०१२ पर्यंत तेथूनच चालला. राज्यकर्ता हटवता येतो. त्याने आखलेला नकाशा मात्र लोकांच्या अंगवळणी पडलेला असतो, आणि तो स्वतंत्र झालेल्यांनाही सहजासहजी पुसता येत नाही. वसाहतोत्तर साहित्य वाचताना ‘ते गेले’ या वाक्यापाशी आपण सहसा थांबतो. गोंगजूच्या बाबतीत त्यापुढची गोष्ट आणखी सदुसष्ट वर्षांची आहे.