पाटी, पडदा आणि बोरू

हाती धरलेल्या लेखणीने संगणकावर चित्र काढावे, या इच्छेला साठ वर्षे उलटून गेली. आज चित्रकारांसाठीच्या डिजिटल पाट्यांची तुलना होते ती आकड्यांनी. या आकड्यांमागचा जुना पेच मात्र सहसा कोणी सांगत नाही: रेघ जिथे ओढली तिथेच ती डोळ्यांना दिसावी की नाही?

१९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत ‘स्केचपॅड’ सिद्ध केले. त्यातील प्रकाशलेखणी थेट पडद्याच्या काचेला टेकत असे. रेघ टोकाखाली उमटे खरी, पण उभ्या काचेसमोर हात उचलून धरावा लागे आणि तोच हात चित्र झाकून टाकी. पुढच्याच वर्षी रँड कॉर्पोरेशनची पाटी आली. दहा इंच लांब, दहा इंच रुंद पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेषांचे जाळे, इंचाला शंभर रेषा, एकंदर दहा लाखांहून अधिक बिंदू. हाताला विसावा मिळाला. डोळे मात्र समोरच्या पडद्याकडे गेले. कागदाकडे न पाहता लिहिण्याची ही विद्या चित्रकारांच्या पिढ्यांनी नव्याने कमावली. आम्हांस हे त्या यंत्राचे यश वाटत नाही, माणसाच्या सोशिकतेचे वाटते.

१९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वाकॉमने लेखणीची तार काढून टाकली. पाटी स्वतःच विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, लेखणीतले वेटोळे त्याला प्रतिसाद देते. बॅटरी लागत नाही. २००१ साली आलेल्या ‘सिंटिक’ने पाटी आणि पडदा एक केले. तरीही काचेच्या जाडीमुळे टोक एकीकडे आणि रेघ किंचित दुसरीकडे असे होईच. पुढे काच आणि चित्र एकमेकांना चिकटवण्याची पद्धत रूढ झाल्यावर ही फट बरीच मिटली. पडद्याची पाटी निवडताना आम्ही आधी हेच पाहू.

दाबाच्या पायऱ्यांचे तसे नाही. १९९८ च्या ‘इंट्युओस’मध्ये त्या १०२४ होत्या, २००९ च्या ‘इंट्युओस ४’मध्ये २०४८, आणि २०१७ च्या ‘इंट्युओस प्रो’मध्ये ८१९२. आता ह्युऑन, एक्सपी-पेन यांच्या स्वस्त पाट्याही तोच आकडा मिरवतात. हजारापुढची प्रत्येक पायरी बोटांना जाणवते, असे मानायला आमचे मन धजत नाही. लेखणी किती हलक्या स्पर्शाला जागी होते, हे अधिक महत्त्वाचे. आणि ते तक्त्यात क्वचितच सापडते.

आमच्या लिपीपुरता आणखी एक मुद्दा आहे. बोरूने लिहिलेल्या देवनागरीतील जाड-बारीक वळणे मुख्यतः दाबातून येत नाहीत. टोक तिरके कापलेले असते, आणि ते कोणत्या कोनात धरून कोणत्या दिशेला ओढले यावर रेघेची जाडी ठरते. पाट्यांची घडण मात्र दाबालाच प्रमाण मानून झाली. लेखणीचा कल अनेक पाट्या ओळखतात. ती स्वतःभोवती फिरवली तर ते ओळखणाऱ्या लेखण्या थोड्या. वाकॉमची ‘आर्ट पेन’ त्यांतली एक. २०२४ साली ‘ॲपल पेन्सिल प्रो’नेही ही सोय आणली. सुलेखन करणाऱ्याने दुकानात ८१९२ चा आकडा ऐकून घ्यावा, आणि मग लेखणी बोटांत फिरवून पडद्यावरचे टोक फिरते का ते पाहावे.