टाकी तुमची, पाणी सगळ्यांचं

डेव्हन असो की टेक्सस, गावाबाहेर तुकडाभर जमीन घेऊन सोलरवर राहायचा बेत तुमच्यापैकी काहींच्या डोक्यात असेल. वीज छपरावरून येईल, पाणी बोअरचं. पण संडासाचं पाणी जाणार कुठे? कायदा आडवा येतो तो इथेच. का, ते कळायला थोडं मागे जाऊ.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला. जॉन स्नो यांनी तिथल्या पंपावर बोट ठेवलं. नंतर खणून पाहिलं, तर शेजारच्या घराचा मैल्याचा खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत होता आणि त्याच्या विटा निखळल्या होत्या.

पुढे खड्ड्याची बंद टाकी झाली. झां-लुई मुरा यांनी १८८१मध्ये फ्रान्समध्ये तिचं पेटंट घेतलं. १८९०च्या दशकात एक्सेटरचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केलं. त्याच सुमारास आपल्या माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा टाकीतला गॅससुद्धा वापरायला घेतला होता!

पण टाकीत गाळ बसतो आणि कुजतो, एवढंच. बाहेर पडणारं पाणी रोगजंतूंनी भरलेलंच असतं. ते भोकांच्या पाइपांतून जमिनीत मुरतं, आणि खरी सफाई माती करते. म्हणून १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हेन्री रायन यांनी मातीचीच परीक्षा घ्यायला सुरुवात केली: खड्डा खणा, पाणी भरा, पातळी किती वेळात उतरते ते मोजा. भराभर उतरलं तर पाणी गाळलं जात नाही, फार हळू उतरलं तर ते वर तुंबतं.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांतले आकडे या इतिहासातूनच आलेत. पाणी मुरवायची जागा ओढ्यापासून १० मीटर, घरापासून १५ मीटर आणि पिण्याच्या विहिरीपासून किमान ५० मीटर लांब हवी. टाकीचं पाणी थेट ओढ्यात सोडायला २०२०पासून बंदी आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक, काउंटीगणिक बदलतात.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी मातीची चाचणी आणि परवानगीची चौकशी, मग जमिनीचा सौदा, टाकी सगळ्यात शेवटी. विजेच्या तारेशी नातं तोडता येतं. जमिनीखालचं पाणी मात्र तुमच्या कुंपणाशी थांबत नाही, ते शेजाऱ्याच्या विहिरीतही जातं.